मदत हवी आहे : १२३४५६७८९८७६५४३२१ आणि तिच्या अंकांची बेरीज

नमस्कार मंडळी,

इंदुरात आम्ही काही मराठी घरांतल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी रविवारी गणिताचा वर्ग घेतो. गेले दोन रविवार शीर्षकातल्या एकाच संख्येत गेले आहेत.

१ हा अंक नऊ वेळा लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग केला की ही सतरा अंकी संख्या मिळते. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी डोंबिवली स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून ज्यांना ‘डेम्लो’ म्हटले, त्या संख्यांपैकी ही एक. त्यांचीच हर्षद संख्येची कसोटीही तिला लागू पडते : अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने निःशेष भाग जाऊन १५२४१५७८९९७१०४१ मिळते, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. भागाकारातही वर्गच निघाला, याचा मुलांना फार आनंद झाला.

नऊ एकांपर्यंत वर्ग करताना हातचा येत नाही, म्हणून अंकांची बेरीज एकांच्या संख्येच्या वर्गाइतकी असते. दहा एकांपासून हातचे येतात, दर हातच्यामागे बेरीज नऊने घटते आणि शंभराऐवजी ८२ मिळते. इथवर मुलांना पटले. परंतु अठरा एकांचा वर्ग, १२३४५६७९०१२३४५६७८९८७६५४३२०९८७६५४३२१, फळ्यावर काढला तेव्हा बेरीज १६२, म्हणजे नेमकी १८ × ९ आली. नऊ एकांचे ८१ हेही ९ × ९ च. एकांची संख्या नऊच्या पटीत असेल तर बेरीज नेहमी तिच्या नऊपट येते का? आणि हातचे न मोजता ते मुलांना कसे दाखवावे?

प्रतिसाद :

नमस्कार. नेहमी येते, आणि आपल्या मुलांना सहज कळेल अशी सिद्धता आहे. अठरा एकांच्या संख्येला नऊने भागून येणाऱ्या १२३४५६७९०१२३४५६७९ ला ‘म’ म्हणा. मग तो वर्ग म्हणजे ‘म’ गुणिले अठरा नवांची संख्या, अर्थात ‘म’पुढे अठरा शून्ये देऊन त्यातून ‘म’ वजा करणे. उत्तराचा डावा भाग ‘म’पेक्षा एकाने लहान असतो, त्याच्या आरंभी शून्य लिहून तो अठरा अंकी करा. उजव्या भागातला प्रत्येक अंक म्हणजे डावीकडचा त्याच स्थानचा अंक नवातून वजा केलेला :

०१२३४५६७९०१२३४५६७८
९८७६५४३२०९८७६५४३२१

प्रत्येक उभ्या जोडीची बेरीज नऊ, आणि जोड्या अठरा. नऊने भाग जाणे एवढीच अट असल्यामुळे सत्तावीस एकांनाही हेच लागू पडते. तिथे बेरीज २४३ येते आणि त्या वर्गाला २४३ ने भागही जातो. तो का, हे मुलांनाच शोधू द्यावे.