बाबांच्या ट्रिपांची वही संशोधनात चालेल का?

खाणपट्ट्यातली (डिचोली)
समाजशास्त्रात पीएचडीचं पहिलं वर्ष. विषय: गोव्यातल्या खाणबंदीनंतर ट्रकवाल्यांच्या घरांत काय बदललं. आमचेच दोन खनिज ट्रक होते, एकाचे हप्ते चालू. २०१२ च्या सप्टेंबरात, गणेशचवथीच्या तोंडावर बंदी आली तेव्हा मी पाचवीत. भरलेला ट्रक अर्ध्या वाटेतून परत आला आणि बाबा न जेवता ओसरीवर बसले, हे मला लख्ख आठवतं.

मार्गदर्शक म्हणतात, "ही आठवण झाली, माहिती नव्हे." घरचं काही घ्यायचंच नाही का? बाबांची ट्रिपांची वही माझ्याकडे आहे.

निवृत्त मास्तर (फोंडा)
घ्या की! ऑटोएथ्नोग्राफी म्हणतात त्याला, स्वतःच्या अनुभवातून समाजाचा अभ्यास. इरावती कर्वे दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या, ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात याने अस्वस्थ झाल्या आणि ती अस्वस्थताच त्यांनी 'वाटचाल'मध्ये मांडली. पण आधी वही उघडा. सप्टेंबरात भरलेला ट्रक? पावसात खनिज वाहतूक बंद नसते का?

खाणपट्ट्यातली
सर, उघडली. २०१२ ची शेवटची ट्रिप मे महिन्यातली! पावसाळ्यात ट्रक उभेच होते, चवथीनंतर सुरू झाले नाहीत, एवढंच. अर्ध्या वाटेतून परतलेला ट्रक २०१८ च्या मार्चातला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत ८८ खाण-लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चात खाणी थांबल्या, तेव्हा ऐन हंगाम होता. मी दोन बंद्यांची एक करून टाकली होती. आता मार्गदर्शकांना काय तोंड दाखवू?

निवृत्त मास्तर (फोंडा)
हेच दाखवा. दोन बंद्या एक का झाल्या, यावर अख्खं प्रकरण होईल.

सत्तरीकर
खाण अवलंबित म्हणजे फक्त ट्रकवाले नव्हेत हो. आमचं शेत खाणीच्या मातीने बुजलं. तुमचे ट्रक थांबले त्या वर्षी आईने कपडे अंगणात वाळत घातले, एरवी धुळीने लाल व्हायचे. आमच्याकडेही या.

मुलाखतवाली (मडगाव)
माझा अनुभव सांगते. ओळखीच्या घरी गेलं की लोक "तुका खबर आसा मगो" (तुला माहीत आहेच ना) म्हणतात आणि गप्प होतात. आपणही मान डोलावतो. नंतर रेकॉर्डिंग ऐकावं तर नेमकी महत्त्वाची जागा रिकामी! म्हणून आधी मैत्रिणीला तुझीच मुलाखत घ्यायला सांग. तू काय गृहीत धरतेस ते कळेल. आणि नावं बदलून भागणार नाही. वाड्यावर दोन ट्रकवालं घर एकच असेल तर कोण ओळखणार नाही?

खाणपट्ट्यातली
तिथेच अडलंय. हप्त्यांसाठी आईचं सोनं गहाण पडलं ते लिहू नको, असं बाबा म्हणतात. आई म्हणते, लिही, सोनं माझं होतं. संमतीपत्रावर सही कोणाची घेऊ?

मुलाखतवाली (मडगाव)
दोघांची. वेगवेगळ्या दिवशी, आणि बाबांना "नाही" म्हणायची मोकळीक ठेवून. ते नाहीच म्हणाले तर सोन्याचं लिहिण्याआधी आईशी परत बोल.