मधुराचं आयडी कार्ड: आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा

शोभामावशी: सगळ्यांना नमस्कार. जरा विचारायचं होतं, खास करून अमेरिकेतल्या अनुजाला. मधुरा आज पुन्हा तिथल्या लायसन्सच्या ऑफिसातून हात हलवत परत आली. दुसरी खेप ही. ड्रायव्हिंगचं सोड, साधं फोटोचं ओळखपत्र मागत होती तेही नाही मिळालं. फोनवर धड बोलेना, नुसतं "आई नंतर करते" म्हणाली. लग्न होऊन चार महिने झाले आणि पोरीकडे तिथलं एक कार्ड नाही.

नितीनमामा: अगं पण जावई रोहन तिथला नागरिक आहे ना, मग अडतंय कुठं? पासपोर्ट दाखवायचा की सरळ.

मधुरा: मामा पासपोर्ट आहे हो, तोच तर घेऊन फिरतेय. पण त्यातला के-वन, म्हणजे लग्नासाठी येणाऱ्या फियान्सेचा व्हिसा, एकदाच आत यायला असतो तो वापरून झाला, आणि आय-९४ वर, म्हणजे आत आल्याच्या नोंदीच्या कागदावर, ९० दिवस मिळाले होते ते फेब्रुवारीत संपले. काउंटरवरच्या बाईंनी ती तारीख बघितली आणि कागद गोळा करून माझ्याकडे सरकवले. मग मी ग्रीन कार्डच्या अर्जाची पावती काढली, तर त्यांनी पेनाने वरच्या ओळीवर टकटक केलं, तिथं मोठ्या अक्षरात छापलंय की या नोटिशीने कुठलंही इमिग्रेशन स्टेटस किंवा फायदा मिळत नाही. मागे ही रांग. पुढे काही सुचलंच नाही मला.

वृंदामामी: बाई गं. म्हणजे पावती सरकारचीच आणि दुसऱ्या सरकारी खिडकीवर चालत नाही.

शोभामावशी: एक विचारते, कुणी रागावू नका. ९० दिवस संपले म्हणजे ती आता तिथं बेकायदेशीर तर नाही ना? मला रात्री झोप लागत नाही या विचाराने.

अनुजा: मावशी आधी तुझ्याच प्रश्नाचं, कारण बाकीचं थांबू शकतं. नाही, तसं नाही. मधुरा के-वनवर आली, ९० दिवसांच्या आत त्याच माणसाशी लग्न केलं आणि आय-९४ संपायच्या आधी जानेवारीत आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, भरला. अर्ज वेळेत आणि नीट भरलेला असला की त्याचा निकाल लागेपर्यंत तिला इथं राहायची मुभा आहे, ते दिवस बेकायदेशीर राहण्यात धरत नाहीत. फक्त हे दाखवायला तिच्या हातात फोटोचं कार्ड नाही, घोळ तेवढाच आहे. तू झोप शांत.

अनुजा: आणि मधुरा तू रडू नकोस. मी दुपारी सविस्तर लिहिते, आत्ता मुलीला डेकेअरला सोडायला निघालेय.

सुहासकाका: त्या वेळी साखरपुड्याला मीच म्हणालो होतो की लग्नच लावून टाका कोल्हापुरात, हॉल मिळत होता. आता कळतंय का नाही लावलं ते.

शोभामावशी: हो ना भावजी. इथं लग्न लावलं असतं तर तो फियान्सेचा व्हिसाच बाद झाला असता. किती जण रुसले होते तेव्हा, अक्षता टाकायला मिळाल्या नाहीत म्हणून.

अनुजा: हां आले. नीट वाचा आणि मधुरा तू तर दोनदा वाच.

इथं ओळखपत्र देतं ते स्टेट, आणि इमिग्रेशनचा अर्ज असतो केंद्राकडे. स्टेटचा माणूस आपल्या मनाने ठरवत नाही की तू कायदेशीर आहेस की नाही, तो तुझा नंबर 'सेव्ह' नावाच्या केंद्राच्या सिस्टीममध्ये घालतो आणि तिकडून उत्तर येतं. तू आय-९४ पुढे केलास म्हणजे त्यांनी मुदत संपलेला कागद बघितला. पावतीवर तुझा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनचा नंबर, असणार बघ, ए आणि पुढे नऊ आकडे, तो द्यायचा. कधी लगेच जुळतं, कधी जुळत नाही आणि पुढच्या तपासणीला जातं मग काही दिवस लागतात. असं झालं तर तिथून नुसतं "नाही" ऐकून निघायचं नाही, विचारायचं की केस सेव्हमध्ये टाकलीत का आणि केस नंबर काय. तो नंबर असला की सेव्ह केसचेक म्हणून साइट आहे तिथं घरबसल्या बघता येतं कुठं अडकलंय.

आता कायदा काय म्हणतो ते. लायसन्स-ओळखपत्रांसाठी केंद्राचा रिअल आयडी कायदा आहे तो २००५ चा, विमानतळावर त्याची सक्ती मात्र ७ मे २०२५ पासून सुरू झाली. त्या कायद्यात कायदेशीर स्टेटस कुणाकुणाचं धरायचं याची यादी आहे आणि त्यात ग्रीन कार्डसाठी इथूनच केलेला अर्ज पेंडिंग असलेला माणूस स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे तू त्या यादीत आहेस! पण नुसतं स्टेटस पुरत नाही, ओळख पटवायचा कागद वेगळा लागतो, आणि तिथं परदेशी पासपोर्ट चालतो तो चालू व्हिसा आणि आय-९४ सोबत असला तरच. तुझा व्हिसा संपला, म्हणून ते दार बंद. दुसरं दार ईएडीचं, म्हणजे वर्क परमिटचं कार्ड. त्याच्यावर फोटो असतो, बोटाचा ठसा असतो आणि ओळखीचा कागद म्हणून ते पूर्ण चालतं. म्हणून मी म्हणत होते ना की नोकरी करायची असो नसो, आय-७६५, म्हणजे ईएडीचा अर्ज, आय-४८५ सोबतच टाक. इथं खूप जणी विचार करतात की मला लगेच कुठं काम करायचंय, १४४० डॉलर आधीच गेलेत वर आणखी २६० कशाला. पण ते कार्ड कामापेक्षा ओळख म्हणून जास्त उपयोगी पडतं. टाकलायस ना?

मधुरा: टाकलाय ताई. बायोमेट्रिक्स, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो, ते पण झालं मार्चमध्ये. त्यानंतर साइटवर एकच ओळ दिसते, हलतच नाही.

अनुजा: हलेल. रोज बघत बसू नकोस, जीव जातो त्यात. मी बघायची, सकाळी उठल्या उठल्या चहाच्या आधी.

नितीनमामा: तोवर आधार किंवा इथून काढलेलं इंटरनॅशनल परमिट नाही का चालत?

अनुजा: मामा ओळख म्हणून नाही चालत. आंतरराष्ट्रीय परमिट हे फक्त आपल्या लायसन्सचं भाषांतर असतं. आणि आपल्या लायसन्सवर किती दिवस चालवू देतात हे दर स्टेटचं वेगळं आहे, त्यामुळे मधुरा, रोहनला आधी वाचायला सांग, तोवर गाडीला हात लावू नकोस.

स्टेट बदललं की सगळंच बदलतं खरं तर. मी एडिसनला आहे, आमच्या न्यू जर्सीत १ मे २०२१ पासून साधं लायसन्स किंवा आयडी इमिग्रेशन स्टेटस न बघता देतात, दिलेल्या कागदांचे मिळून सहा पॉइंट भरले की झालं, त्यावर विमानात बसता येत नाही एवढंच. कॅलिफोर्नियात लायसन्सचा असा कायदा जानेवारी २०१५ पासून आहे. टेक्सास फ्लोरिडात तसं नाही. तुमच्या स्टेटची साइट उघडून 'लिमिटेड टर्म' हा शब्द शोध, पेंडिंग वाल्यांना तेच कार्ड देतात. मुदत मोजकी असते, कायद्याप्रमाणे ठरलेली शेवटची तारीख नसेल तर एक वर्ष. दर वर्षी जावं लागतं, पण कार्ड असतं.

वृंदामामी: आणि तिला विमानाने कुठं जायचं झालं तर? रोहनच्या बहिणीचं डोहाळजेवण आहे ना मे मध्ये.

अनुजा: अमेरिकेतल्या अमेरिकेत भारताचा पासपोर्ट चालतो मामी, विमानतळावर परदेशी पासपोर्ट घेतात. सोबत पावतीची आणि मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी, आणि आय-९४ची प्रिंट. जुनी झाली तरी ठेव, तू रीतसर आत आलीस आणि तुझी नोंद आहे याचा तो पुरावा आहे. खरंच सांगते, सध्या हे कागद जवळ असलेले बरे. देशाबाहेर मात्र नाही जायचं.

शोभामावशी: तेच विचारणार होते गं. आज्जी रोज विचारते मधू कधी येणार, गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये ठरतंय.

अनुजा: मावशी मला माहितीय हे ऐकायला जड आहे. अ‍ॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, हातात आल्याशिवाय ती निघाली तर ग्रीन कार्डचा अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-वन, एल-वन अशा नोकरीच्या व्हिसावाल्यांना यात सूट असते, के-वन वाल्यांना नाही. त्याचा अर्ज आय-१३१ भरला असेलच, तो मंजूर होऊ दे. खूपच तातडी असली तर इमर्जन्सीतही मागता येतो, डॉक्टरांचं पत्र लागतं. आज्जीला मी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून समजावते, माझं ऐकते ती.

सुहासकाका: मी काय म्हणतो, तोपर्यंत पासपोर्टवर नाव बदलून घ्यावं का? नवीन पासपोर्ट नवऱ्याच्या नावाने आला की सगळं एकसारखं होईल.

अनुजा: नको काका, नको. यात मी स्वतः सात महिने घालवलेत म्हणून हात जोडून सांगते. आपल्याकडे लग्न झालं की नुसतं आडनाव नाही बदलत, मधलं नाव पण बदलतं. माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये "अनुजा विलास" होतं, बाबांचं नाव. मी हौसेने कॉन्सुलेटमधून नवीन पासपोर्ट काढला, त्यावर झालं "अनुजा प्रसाद" आणि सासरचं आडनाव. पण अर्ज आधीच गेलेला, त्यामुळे ईएडी आलं जुन्या नावाने, सोशल सिक्युरिटी नंबरचं सरकारी कार्ड जुन्या नावाने, पासपोर्ट नवीन. काउंटरवर तिन्ही कागद शेजारी ठेवले तर वाचणाऱ्याला तीन बायका दिसतात. त्यांना कुठून कळणार की विलास म्हणजे वडील आणि प्रसाद म्हणजे नवरा, त्यांच्या लेखी मधलं नाव जन्मभर तेच राहतं. मग मॅरेज सर्टिफिकेट दाखवा म्हणाले, तर आमचं ग्रामपंचायतीचं, अख्खं मराठीत, सरपंचांचा जांभळा शिक्का. त्याचं भाषांतर करून परत गेले. भाषांतर इमिग्रेशनला कुणीही दोन्ही भाषा येणारा करून सही देऊ शकतो, नोटरी लागत नाही, पण लायसन्सवाल्यांचे नियम वेगळे असतात ते आधी विचारावे लागतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

अनुजा: मधुरा, तू आय-४८५ वर नाव काय लिहिलंस?

मधुरा: रोहनचं आडनाव. मधलं नाव बाबांचंच ठेवलं, संजय. सोशल सिक्युरिटीचं कार्ड मात्र माहेरच्या नावाने आहे, तू सांगितलेलंस ना पहिल्या ९० दिवसातच काढ म्हणून, तेव्हा काढलेलं.

अनुजा: शाब्बास, मधलं नाव तसंच राहिलं ते फार चांगलं झालं. आता ईएडी येईल सासरच्या आडनावाने आणि पासपोर्ट माहेरच्या. त्या दोघांना जोडणारा कागद एकच, तुमचं तिथलं मॅरेज सर्टिफिकेट. झेरॉक्स नाही, उठावाच्या शिक्क्याची सर्टिफाइड कॉपी. दोन-तीन जास्तीच्या काढून ठेव. ईएडी आलं की आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसात नाव बदल, मगच लायसन्सच्या ऑफिसात जा. उलटं केलंस तर त्यांच्या कॉम्प्युटरला नाव जुळणार नाही आणि परत घरी. पासपोर्ट ग्रीन कार्ड झाल्यावर बघू. तेही पहिलं दोनच वर्षांचं येईल, लग्न नवीन आहे म्हणून, सो कागद नीट फाइल करून ठेव, हे सगळं परत लागणार आहे.

पत्त्याचे पण दोन पुरावे लागतात. घरभाड्याच्या करारात नाव आहे का तुझं?

मधुरा: नाही, करार रोहनच्या एकट्याच्या नावावर आहे. बँकेत जॉइंट खातं झालंय पासपोर्टवर. बाकी लाइट, इंटरनेट सगळं त्याचं. ताई खरं सांगू का, मला कार्डापेक्षा याचंच जास्त लागलंय. परवा पार्सल आणायला अपार्टमेंटच्या ऑफिसात गेले तर तो मुलगा म्हणाला तुम्ही इथं राहता याचं काही आहे का. मी त्याच घरातून चप्पल घालून खाली उतरले होते. कोल्हापुरात मी शाळेत शिकवत होते, रंकाळ्यावर फिरायला गेले तरी चार पोरं "बाई नमस्ते" करायची.

शोभामावशी: मधू 🙏 आत्ता फोन कर.

वृंदामामी: वाचून डोळ्यात पाणी आलं गं पोरी. आम्ही इथं म्हणतो मधू काय मजेत असेल.

अनुजा: मधू ऐक. मला पण असंच झालेलं, पहिलं वर्षभर मी कुणाची तरी बायको म्हणूनच फॉर्मवर होते. ते जातं. पण यातलं काही तुझ्या हातात आहे ते आजच करू. करारात नाव घालून घ्या, ऑफिसवाले एक पानी पुरवणी देतात. लाइट बिलावर तुझं नाव जोडायला रोहनला एक फोन करावा लागेल, आजच कर म्हणावं. बँकेचं स्टेटमेंट कागदावर मागव. हेच कागद पुढे ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूला संसाराचा पुरावा म्हणून पण लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पत्रपेटी. पेटीवर तुझं नाव आहे का? माझ्या ओळखीच्या एकीचं ईएडी पोस्टमनने परत पाठवलं, कारण पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव आणि पाकिटावर तिचं वेगळं. ही कार्डं पुढच्या पत्त्यावर फॉरवर्ड होत नाहीत, सरळ परत जातात. मग पुन्हा महिने. घर बदललंत तर १० दिवसांच्या आत इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो, पोस्टात सांगून भागत नाही.

नितीनमामा: आणि फारच लांबलं तर? कुणाची ओळख-पाळख?

अनुजा: ओळख नाही मामा, पण सोय आहे. तिथल्या काँग्रेसमनच्या, म्हणजे खासदाराच्या, ऑफिसात अशा अडकलेल्या केसेस बघायला माणसं असतात, एक संमतीचा फॉर्म भरून दिला की ते इमिग्रेशनला विचारणा करतात, पैसे लागत नाहीत. मधुराचीच सही लागेल फॉर्मवर. साइटवर तुमच्या प्रकारच्या अर्जाला लागणारा वेळ उलटून गेला की मगच करायचं. आणि रोहनला म्हणावं एकदा वकिलाला सगळे कागद दाखवून घे, मी अनुभवाने सांगतेय, वकील नाही.

मधुरा: ताई खाली जाऊन आले. पेटीवर माझं नाव नव्हतंच. रोहनच्या लेबल मेकरवर पट्टी काढून लावली, माहेरचं आणि सासरचं दोन्ही आडनावं. तेवढी बसत नव्हती, म्हणून दोन ओळीत केली.

शोभामावशी: फोटो पाठव बाळा. आज्जीला दाखवते.

मधुरा: पाठवला 👆 आई, आणि माझ्या शाळेच्या अनुभवपत्राची ओरिजनल कॉपी कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे, ती स्कॅन करून पाठवशील? ईएडी आलं की लागेल.

शोभामावशी: लगेच काढते. खालच्या कप्प्यातली ना?