मदत हवी आहे: १९४४ ची मालवणची पत्रिका, कागदावर मेष लग्न आणि अ‍ॅपमध्ये वृषभ

खारवारा
हाताने लिहिलेली एक पत्रिका नव्याने मांडायची आहे. कागद कसरीने खाल्लाय, वाचता येतं ते एवढंच: मालवण, मंगळवार, २१ मार्च १९४४, श्रीसूर्योदयात् गतघटी ६ पळे १५, लग्न (जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास) मेष. घरच्या वहीत मात्र त्याच जन्माची वेळ 'सकाळी १० वाजून १० मिनिटे' आहे. अ‍ॅपमध्ये १०:१० भरलं की वृषभ लग्न येतं, सात अंश. चूक कोणाची, पत्रिका करणाऱ्या भटजींची की वहीची?

दुसरं, घरातल्याच एका बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर ५:०० आहे आणि घरचे ५:१० म्हणतात. कोणती धरू?

घटीपळ
दोघांचीही नाही. आधी घटी-पळं मोडून बघा. घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. ६ घटींची १४४ मिनिटं, १५ पळांची ६, म्हणजे सूर्योदयानंतर बरोबर अडीच तास. मालवणात २१ मार्चला सूर्य ६:४० च्या सुमारास उगवतो, म्हणजे जन्म ९:१० चा. वहीशी फरक नेमका एक तास.

असा पुरा तासाचा फरक दिसला की साल बघायचं. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे भारतभर घड्याळं एक तास पुढे होती. वहीत घड्याळाची वेळ आहे, पत्रिकेत सूर्याची. अ‍ॅपला हे ठाऊक नसेल तर ते १०:१० हीच आजची प्रमाणवेळ समजतं आणि लग्न पुढच्या राशीत ढकलतं.

वायंगण
आमच्याकडच्या भाषेत, घड्याळ खोटा नाय, टायमच वेगळो होतो!

खारवारा
खूप आभार. टाइम झोन ५:३० चा ६:३० केला, वेळ ९:१० भरली. मेष लग्न आलं, ४ अंश. जुळलं म्हणायचं ना?

घटीपळ
नाही जुळलं. तो तास तुम्ही दोनदा वजा केलात. एक तर झोन ६:३० ठेवून १०:१० भरा, नाहीतर झोन ५:३० ठेवून ९:१०. दोन्ही रीतींनी मेष २१ अंशांच्या आसपास यायला हवं. रास जुळली की लोक तिथेच थांबतात आणि चूक दडून राहते. ४ अंशांवर नवमांश (राशीच्या नऊ भागांपैकी एक, ३ अंश २० कलांचा; ६० कलांचा एक अंश) वृषभ, २१ वर तूळ. सगळी नवमांश कुंडलीच फिरली की!

आता मिनिटांचं. पळं सूर्योदयापासून मोजलेली, पण सूर्योदय कुठला? मुंबईसाठी छापलेल्या पंचांगातला घेतला असेल तर मार्चमध्ये अडीच मिनिटांचा फरक पडतो, डिसेंबरात मात्र आठेक मिनिटांचा. शिवाय बिंबाची वरची कड दिसली तो क्षण की बिंबाचा मध्य क्षितिजावर आला तो, यात आणखी साडेतीन मिनिटं. तूळ नवमांश २३ अंश २० कलांना संपतो, तुमच्याकडे साधारण आठ मिनिटांची मोकळीक आहे. दोन्ही फरक एकाच बाजूला पडले तर काठाजवळ याल. म्हणून वहीतली १०:१० प्रमाण धरा आणि घटी-पळं पडताळ्यापुरती वापरा.

रेवतीपक्ष
एक राहिलं. पत्रिका कोणत्या पंचांगावरून केली ते मथळ्यात दिसतंय का? रत्नागिरीकडे काही घराण्यांत टिळक पंचांग चालतं. त्याचा अयनांश (राशीचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून किती अंश दूर धरायचा तो आकडा) नेहमीच्या चित्रापक्षाच्या पंचांगांपेक्षा सुमारे चार अंशांनी कमी, त्यामुळे प्रत्येक ग्रह आणि लग्नही चार अंश पुढे दिसतं. तुमचं लग्न २१ ऐवजी २५ होईल, रास मेषच राहील. पण चंद्राचं नक्षत्र बदलू शकतं. न बदललं तरी नक्षत्र १३ अंश २० कलांचं, त्यात चार अंश म्हणजे महादशेचा (चंद्राच्या नक्षत्रावरून ठरणाऱ्या ग्रहाच्या काळाचा) तीन दशांश भाग. शुक्राची महादशा असेल तर सहा वर्षं! दहा मिनिटांच्या चुकीने हाच हिशेब जेमतेम ५० दिवस हलतो, कारण दहा मिनिटांत चंद्र साडेपाच कलाच सरकतो. मिनिटांवरून भांडणाऱ्यांनी आधी अयनांश विचारावा.

घटीपळ
अगदी. कागदावर जन्मकालीन चंद्राचे अंश किंवा भुक्त-भोग्य (सरलेली-उरलेली) दशा लिहिली असेल तर दोन्ही अयनांश लावून बघा, जो जुळेल तो पक्ष.

बाळाचं: ५:०० हा आकडा गोल आहे, म्हणून त्यावर भरवसा कमी. सरकारी जन्मदाखल्यावर वेळ नसतेच, तेव्हा रुग्णालयाकडे प्रसूतीच्या नोंदवहीतल्या ओळीची प्रत मागा. सिझेरियन असेल तर शस्त्रक्रियेच्या नोंदीत चीर दिल्याची वेळ वेगळी आणि बाळ बाहेर आल्याची वेगळी असते, दुसरी घ्या. घरच्यांची वेळ बहुधा नर्सने बाहेर येऊन सांगितलं तेव्हाची. नोंद मिळालीच नाही तर ५:०० आणि ५:१० या दोन्हींच्या कुंडल्या मांडा. लग्न अन् नवमांश दोन्हींत एकच आले तर वाद संपला. नवमांश सरासरी १३ मिनिटांचा असतो, त्यामुळे तशी शक्यता आहे, खात्री नाही.

वायंगण
पहाटेचे ५:०० असतील तर वारही तपासा. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. इंग्रजी तारीख गुरुवारची असली तरी पत्रिकेत बुधवारच यायला हवा.

खारवारा
पहाटेचेच आहेत. आणि कार्डावर सिझेरियन लिहिलंय. सोमवारी नोंदवही मागतो.