'आउटलॉ कंट्री'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या 'कंट्री' संगीतावर, म्हणजे पॅट्सी क्लाइन या गायिकेचा 'शोकेस' (१९६१), आणि 'आउटलॉ' म्हणवले गेलेले गायक वेलन जेनिंग्सचा 'हाँकी टाँक हीरोज' (१९७३) व विली नेल्सनचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' (१९७५) या तीन अल्बमांवर लेख लिहिते आहे. 'कंट्री'ला लोकसंगीत म्हटलं तर चालेल का? 'आउटलॉ'साठी 'दरोडेखोर' पटत नाही. आणि पहिला अल्बम 'गुळगुळीत', बाकीचे दोन 'अस्सल' असं लिहू का?

उत्तर : लोकसंगीत नको. ओवी कोणी रचली हे आपण विचारत नाही. इथे गीतकाराचं नाव असतं, मागे रेकॉर्ड कंपनी असते. आधी या गाण्यांना 'हिलबिली' म्हणत, त्यात डोंगरातल्या माणसाची हेटाळणी होती. 'बिलबोर्ड' या संगीतविषयक साप्ताहिकाने लोकप्रिय गाण्यांच्या आपल्या यादीला 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नाव १९४९ मध्ये दिलं. 'कंट्री'च ठेवा.

'आउटलॉ'साठी मी 'बंडखोर' घेईन, पण बंड कशाविरुद्ध ते लेखात यायला हवं. कंट्रीच्या ध्वनिमुद्रणाचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात गाणी कोणती, वादक कोण, वाद्यमेळ कसा, हे बहुतेक वेळा निर्माता ठरवायचा. जेनिंग्सने हे अधिकार भांडून मिळवले आणि जवळजवळ सगळा अल्बम बिली जो शेव्हर या तेव्हा फारशा माहीत नसलेल्या गीतकाराच्या गाण्यांवर उभा केला. नेल्सनने टेक्सासमधल्या गारलंडला जाऊन इतक्या कमी वाद्यांत ध्वनिमुद्रण केलं, की कोलंबिया या त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते अर्धवट वाटलं. या बंडात कायदा मोडण्याचा प्रश्न नव्हता. मात्र १९७६च्या 'वाँटेड! द आउटलॉज' या जेनिंग्स, नेल्सन वगैरेंच्या एकत्रित अल्बमच्या मुखपृष्ठावर फरारी गुन्हेगारांसाठी लावतात तसं पोस्टर आहे आणि तो अल्बम रेकॉर्ड कंपनीनेच विकला. प्लॅटिनम (दहा लाख प्रतींच्या विक्रीचा मान) ठरलेला तो पहिला कंट्री अल्बम. तिथे मूळ शब्दच हवा, 'बंडखोर'मध्ये ती फरारीपणाची छटा येत नाही.

दुसरं उत्तर : 'बंडखोर' मान्य. 'अस्सल'ला माझा ठाम विरोध आहे. त्या शब्दाने पॅट्सी क्लाइन आपोआप नकली ठरते, आणि हा तिच्यावर अन्याय आहे. तिचा निर्माता ओवेन ब्रॅडली याने फिडलऐवजी (कंट्रीतल्या लोकढंगाच्या एकट्या व्हायोलिनऐवजी) व्हायोलिनचा ताफा आणि मागे जॉर्डनेअर्स या गायकगटाचे आवाज वापरले हे खरं. तरी 'आय फॉल टू पीसेस'मध्ये पेडल स्टील ही कंट्रीची खास, सूर घसरवत वाजणारी गिटार ऐकू येतेच. आणि याच अल्बममधलं 'क्रेझी' कोणाचं? विली नेल्सनचं! ज्याला तुम्ही 'अस्सल'च्या रकान्यात बसवता आहात, त्याचंच गाणं 'गुळगुळीत' अल्बमात आहे. फरक वाद्यमेळाचा आहे, तर शब्दही वाद्यमेळाचेच घ्या : एकीकडे 'भरगच्च', दुसरीकडे 'विरळ'. 'विरळ'मध्ये कमीपणा नाही, दोन सुरांमधली जागा त्यात ऐकू येते.

प्रश्नकर्ती : 'भरगच्च' आणि 'विरळ' घेते. 'हाँकी टाँक'चं काय?

उत्तर : तसंच ठेवा आणि एकदा फोड करा : दारू, नाच आणि कल्लोळ असलेला बार, आणि त्यावरून पडलेलं शैलीचं नाव. त्या कल्लोळात ऐकू यावी म्हणून इलेक्ट्रिक गिटार तिथे रुजली, एवढं लिहिलंत की वाचकाला आवाजही कळेल.