फराळाच्या पाकिटावर काकूचा नंबर: ठेवावा की काढावा?

डोंबिवलीची भाजणी:
मंडळी, आमचा घरगुती फराळाचा उद्योग आहे. भाजणी, अनारशाचं पीठ, मेतकूट. आई आणि काकूने सुरू केला, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. ठाण्या-पुण्यातल्या सुपरमार्केटांत माल लागायला लागला, तेव्हा ब्रँडिंगचं काम एका एजन्सीकडे दिलं. त्यांचं म्हणणं असं की, आडनाव काढून सुटसुटीत नाव घ्या, पाकीट बदला, इन्स्टावर 'ब्रँडची गोष्ट' सांगा आणि पाकिटामागे छापलेला काकूचा मोबाइल नंबर काढून तिथे चॅटबॉट द्या.

बाकी सगळं चालेल, नंबर काढायला माझा विरोध आहे. दिवाळीच्या आठवड्यात काकूला फोन येतात ते असे: "काकू, अनारसे हसले हो, सगळे तुपात पसरले!" ती विचारते पीठ किती सैल आहे, मग सांगते, "मूठभर तांदळाचं पीठ मळून घाल आणि आधी एकच सोडून बघ." पुढच्या वर्षी त्या बाई दोन किलो जास्त नेतात. हे नातं चॅटबॉट कसं सांभाळणार? चुलतभाऊ म्हणतो मी भावनेच्या आहारी गेलोय. तुमचं मत?

हिशेबी:
चुलतभावाचं बरोबर आहे. काकू एक, गिऱ्हाइकं हजारो, आणि फोन सगळे एकाच आठवड्यात. उचलला नाही की तोच माणूस ऑनलाइन एक तारा देऊन मोकळा. चितळे बंधूंचं उदाहरण घ्या. १९५० पासूनचं दुकान, दुपारी १ ते ४ बंद म्हणून अख्ख्या महाराष्ट्रात विनोद. २०१७ मध्ये त्यांनी ती दुपारची सुट्टी मोडली. कोणी बाकरवडी सोडली का? जुन्या सवयीला लोक 'ओळख' म्हणतात, धंद्याला ती अडचण असते.

शनिवारातला:
हिशेबीराव, उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. १ ते ४ ही दुकानाच्या सोयीची गोष्ट होती, गिऱ्हाइकाच्या नव्हे. ती मोडली म्हणजे ते गिऱ्हाइकाकडे सरकले. काकूचा नंबर काढणं म्हणजे नेमकी उलटी चाल. ज्या पुण्यात 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी अभिमानाने लावायचे, तिथल्या माणसाकडून हे ऐका!

आणि आडनाव का काढायचं? 'चितळे' हे आडनावच आहे की.

हिशेबी:
मग कॅमलिन बघा. १९३१ ला दांडेकर अँड कंपनी म्हणून सुरू झाली. पोरांच्या दप्तरात पोहोचली ती कॅमल आणि कॅमलिन या नावांनी. २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने मोठा हिस्सा घेतला, तरी कॅमलिन हे नाव राहिलं. आडनावाला जात, गाव, घर सगळं चिकटतं. नागपूरच्या किंवा इंदूरच्या गिऱ्हाइकाला तुमच्या आडनावाशी काय देणंघेणं?

मिरगातला:
एजन्सीचं बिल किती आलं ते सांगा आधी 😀

गिरगावची सून:
मुद्दा नावाचा नाहीच. लिज्जतचं बघा. १९५९, गिरगाव, सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये. वाढले कसे? पीठ शाखेवर एकाच मापाने भिजवायचं, बहिणींनी घरी नेऊन लाटायचं, वाळलेले पापड परत आणले की तपासून, वजन करून घ्यायचे आणि पैसे हातात. हात हजारो, चव एक. तिथे कोणा एका काकूवर काही अडत नाही आणि तरी माणूस कुठे हरवलेला नाही.

तुमच्याकडे काकूचं ज्ञान फक्त काकूच्या डोक्यात आहे. ती आजारी पडली तर? मोडणाऱ्या चकलीला मोहन कमी करायचं की पाणी वाढवायचं, हे फोनवर सांगू शकतील अशा आणखी दोन-तीन बायका तयार करा. मानधन द्या. फुकटात 'कुटुंबासारखं' राबवू नका, हे मुद्दाम सांगते.

वजनकाटा:
एक कोरडी गोष्ट. पॅकबंद मालाच्या २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ईमेल पाकिटावर द्यावाच लागतो. नुसता चॅटबॉट छापून भागत नाही. नंबर राहणारच आहे, पलीकडून कोण बोलतं एवढंच ठरवा. बहुतेक कंपन्यांच्या नंबरवर 'एक दाबा, दोन दाबा' ऐकू येतं. अनारसे कढईत असताना कोण दाबत बसणार?

डोंबिवलीची भाजणी:
वजनकाटा, धन्यवाद, हे एजन्सीने सांगितलंच नव्हतं. गिरगावची सून, मानधनाचं पटलं. पण बाहेरच्या बाईला काकूचा हात येईल का? काकू स्वतःच म्हणते, "मापाने सांगता येत नाही, पीठ हातात घेऊन कळतं."

गिरगावची सून:
फोनवर तिच्या तरी हातात पीठ कुठे असतं? 😊 विचारूनच सांगते ना? मग तेच प्रश्न लिहून काढा.

हिशेबी:
हेच मी म्हणत होतो, फक्त गोड शब्दांत आलं. वर आणखी एक करा: प्रत्येक फोनला पाकिटावरचा बॅच नंबर विचारून वहीत टिपा. एकाच बॅचचे अनारसे पाच घरांत हसले तर दोष सुगरणींचा नाही, तुमच्या गुळाचा किंवा तांदळाचा आहे. काकू गोड बोलून निभावून नेते, त्यामुळे गेली कित्येक वर्षं ही तक्रार तुमच्या भट्टीपर्यंत पोहोचलीच नसेल.

शनिवारातला:
वही मान्य. आडनाव काढायला मात्र अजूनही विरोध. पाकिटावर नाव नसलेल्या माणसाला फोन करून "अनारसे हसले" कोण सांगेल?

डोंबिवलीची भाजणी:
वहीचं काकूला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे माझ्या पिठात खोट काढणार तुम्ही?" आता आधी घरातली बैठक.