थायरॉईडसाठी आहार बदलला, पण टीएसएच उलट वाढला

विश्रामबागकर (सांगली)

माझे वय ४७ आहे. दोन वर्षांपूर्वी टीएसएच (थायरॉईड मंदावले की रक्तात वाढणारे संप्रेरक) ११.२ आल्यावर मला लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाची, ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत तो आकडा ३.१ वर आला. थायरॉईडविरुद्धची अँटी-टीपीओ प्रतिपिंडे वाढलेली असल्याने हा हाशिमोटोचा प्रकार आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. या वर्षी जानेवारीत मी आहार मनापासून सुधारायला घेतला. कोबी, फ्लॉवर आणि मुळा घरात येणे बंद झाले, साध्या मिठाऐवजी सैंधव आले, पाच किलो गव्हात एक किलो सोयाबीन मिसळून दळून आणू लागले, आणि सकाळी सहाला गोळी घेतली की लगेच दुधातले नाचणीसत्त्व पिऊ लागले. पाळी अनियमित झाल्यापासून कॅल्शियमची गोळीही आहे, ती न्याहारीनंतर घेते. एवढे करून जूनमध्ये टीएसएच ८.४ आला. वजन मात्र दीड किलोने उतरले आहे, त्यामुळे काय बरोबर आणि काय चूक हेच कळेनासे झाले आहे. सासूबाई आटपाडीकडच्या आहेत. बाजरी या विकारात वाईट असे मी कुठेतरी वाचले आणि त्यांची भाकरीही बंद केली, त्याचा त्यांना राग आहे तो वेगळाच. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. त्याआधी जाणकारांनी कृपया मत द्यावे.

मिरजेचा औषधविक्रेता

ताई, मिरजेत माझे औषधांचे दुकान आहे आणि आपण लिहिलेला दिनक्रम मी गिऱ्हाइकांकडून वरचेवर ऐकतो. आपला आहार वाईट नाही. तो गोळीच्या फार जवळ येऊन बसला आहे, इतकेच. ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा घ्यायचा नाही, कारण आतड्यात तिचे शोषण आधीच अपुरे होते आणि कॅल्शियम तिला बांधून ठेवते. दुधात कॅल्शियम असते हे सर्वांना ठाऊक आहे, पण शंभर ग्रॅम नाचणीतही साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. म्हणजे आपण गोळीवर दोन थर चढवत आहात आणि न्याहारीनंतर तिसरा. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताची औषधे या गोळीपासून चार तास दूर ठेवावीत. सकाळ फारच गडबडीची असेल तर रात्रीच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी ही गोळी घेण्याचा पर्याय डॉक्टरांना विचारता येतो. सोयाबीनही शोषण कमी करते, तेव्हा ते दळणातून काढाच, असे माझे मत आहे.

केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बंद ठेवा. त्यांच्यामुळे काही प्रयोगशाळांत टीएसएचचा आकडाच चुकीचा येतो. तपासणीची घाईही करू नका. गोळीतले संप्रेरक शरीरातून निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून कोणताही बदल केला तरी टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात.

शाळूची भाकरी (सातारा)

मी गृहविज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे. सैंधवाबद्दल मला जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ते ‘नैसर्गिक’ म्हणून घरोघरी शिरले आहे आणि त्याबरोबर काय बाहेर गेले याकडे कोणाचे लक्ष नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात गलगंडाचे प्रमाण मोठे होते. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी मिठातून आयोडीन देऊन पाहिले आणि गलगंड कमी झाल्याचे दाखवले. त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या घरी पोचणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असणे अपेक्षित आहे आणि प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे. सैंधवात ते वेगळे घातलेले नसेल तर ही गरज त्यातून भागत नाही. आपला विकार मात्र आयोडीनच्या अभावाचा नसून प्रतिकारशक्तीचा आहे, त्यामुळे साधे मीठ परत आणल्याने टीएसएच उतरेल असे समजू नये, आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. हाशिमोटोमध्ये जादा आयोडीनने विकार वाढू शकतो.

कोबी-फ्लॉवरवर झालेला अन्याय दूर करावा. त्यांतील थायरॉईडच्या कामात अडथळा आणणारी द्रव्ये शिजवल्यावर बरीच कमी होतात. आठवड्यातून एकदोनदा केलेल्या भाजीने काही बिघडत नाही. कच्च्या कोबीचा रस रोज पिणे ही गोष्ट निराळी. बाजरीचे तसे नाही, तिच्यातील द्रव्ये शिजवूनही टिकतात. पण गलगंडाशी तिचा संबंध दिसला तो सुदानच्या दारफूरसारख्या भागात, जिथे बाजरी हेच मुख्य अन्न होते आणि आयोडीनही कमी मिळत होते. आपल्याकडे शाळू, गहू, तांदूळ असा फेरपालट असतो. भोगीची तीळ लावलेली भाकरी सासूबाईंच्या हातून खुशाल खा.

कराडहून

मी पुरुष असूनही हाच विकार घेऊन बसलो आहे, वय ५३. सोयाबीनबाबत मिरजेच्या भाऊंपेक्षा माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी शाकाहारी आहे आणि दुपारच्या जेवणात सोयाबीन खातो. ते रोज साधारण तेवढेच ठेवा, गोळीपासून लांब ठेवा, गोळीची मात्रा त्यानुसार ठरवू, असे माझ्या डॉक्टरांनी सांगितले आणि गेली तीन वर्षे ते निभावले आहे. गोंधळ होतो तो मध्येच सुरू आणि मध्येच बंद केल्याने.

वजनाविषयीही लिहितो, कारण मी गोळीकडून पोट उतरण्याची आशा धरून बसलो होतो. या विकाराने वाढणारे वजन बहुधा काही किलोंचेच असते आणि त्यातील बराच भाग पाणी व क्षार यांचा असतो; उरलेले वजन माझ्या रात्री दहाच्या जेवणाचे आणि संध्याकाळच्या भडंगाचे होते. आणखी एक गोष्ट: कोणी गहू सोडायला सांगितले, तर आधी सीलिअ‍ॅकची (गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या विकाराची) रक्ततपासणी करून घ्या. गहू आधीच बंद केला तर ती तपासणी विश्वासार्ह राहत नाही.

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांचे आभार. काल डॉक्टरांना दिनक्रम जसाच्या तसा लिहून दाखवला. त्यांनी मात्रा वाढवली नाही. पहाटे साडेपाचला नळाला पाणी आले की गोळी, मग फिरायला जाणे, नाचणीसत्त्व सायंकाळी आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर, असे ठरले आहे. सोयाबीनचे आधीचे पीठ संपेपर्यंत त्याच्या पोळ्या फक्त दुपारी करणार आहे. साधे मीठ परत आले आहे. आठ आठवड्यांनी तपासणी आहे, आकडा आला की इथेच कळवीन.