लंडनमध्ये फिरताना: हीथ्रो, ट्यूब आणि लाल बस. तुमचे अनुभव लिहा

येत्या उन्हाळ्यात माझे आईबाबा पहिल्यांदाच लंडनला येत आहेत. मला रोज ऑफिस आहे, त्यामुळे आठवडाभर त्यांच्याबरोबर हिंडता येणार नाही. त्यांनी दिवसभर घरात बसून माझी वाट पाहावी हेही मला नको आहे. दोघांना आपापलं फिरता यावं अशी फार इच्छा आहे. म्हणून इथल्या आणि इथे येऊन गेलेल्या सगळ्यांना विनंती आहे: तुम्ही स्वतः कसे फिरलात, आईवडिलांना किंवा मुलांना कसं नेलंत, कुठे अडलं आणि काय सोपं गेलं, ते सविस्तर लिहा. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या खूप आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसानं कुठे गाडी बदलावी, हे मात्र कुणी सांगत नाही.

इथे प्रवासाचे पैसे बँकेच्या कार्डानं देता येतात. त्या कार्डाबद्दल मीच आधी लिहिते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. ट्यूबला, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेला, आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टॅप करायचं (कार्ड यंत्रावर टेकवायचं), आणि तेही एकाच कार्डानं. तेच खातं फोनमध्ये असलं तरी फोन आणि प्लास्टिकचं कार्ड ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी कार्डं असतात. आत जाताना फोन लावला आणि बाहेर येताना कार्ड, तर दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि दोन्हींचे जास्तीत जास्त पैसे कापले जातात. प्रत्येक माणसाला स्वतःचं कार्ड हवं, नवराबायकोत एक चालत नाही. भारतातली कार्डं आणायची असतील तर निघण्याआधीच बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय, दोन्ही चालू करून घ्या. दिवसाच्या खर्चाला ठरलेली कमाल मर्यादा आहे. ती गाठली की पुढच्या फेऱ्यांचे पैसे लागत नाहीत. आठवड्याचीही मर्यादा आहे, पण ती सोमवार ते रविवार अशी मोजतात. म्हणून मुक्काम आठवड्याचाच असेल तर सोमवारी पोचणं फायद्याचं.

हाउन्स्लोहून, बरीच वर्षं इथे राहणारा

हीथ्रो विमानतळाहून शहरात यायला रेल्वेचे तीन रस्ते आहेत. सर्वांत स्वस्त ट्यूबची पिकॅडिली लाइन. मध्य लंडन गाठायला पाऊण तास ते तास लागतो, डबे जुने आणि अरुंद आहेत, एसी नाही, आणि सकाळच्या गर्दीत दोन मोठ्या बॅगा घेऊन उभं राहणं कठीण जातं. दुसरी एलिझाबेथ लाइन, २४ मे २०२२ ला सुरू झालेली. भाडं पिकॅडिलीच्या दुपटीहून जास्त, पण डबे रुंद, गार, आणि टॉटनहॅम कोर्ट रोडला अर्ध्या-पाऊण तासात पोचवते. तिसरी हीथ्रो एक्सप्रेस. ती पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला नेते, पण ऐन वेळी तिकीट काढलं तर फार महाग पडते, आणि दिवसाच्या कमाल मर्यादेत ते पैसे धरले जात नाहीत. पॅडिंग्टनच्या आसपासच उतरणार असाल आणि तिकीट खूप आधी काढलं असेल, तरच तिचा विचार करा. आईबाबांना आणायचं तर माझं मत ठामपणे एलिझाबेथ लाइनला. वाचवलेले पैसे पहिल्याच दिवशीच्या थकव्यात जातात.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. हीथ्रो ते मध्य लंडन हा ट्यूबचा प्रवास दिवसा कधीही केला तरी गर्दीच्या वेळेचंच भाडं लागतं. त्यामुळे दर कमी होण्याची वाट पाहत विमानतळावर बसून राहण्यात अर्थ नाही.

परत जाताना गाडीच्या तोंडावरची पाटी नीट वाचा. पिकॅडिली लाइन ॲक्टन टाउनला फुटते, एक फाटा हीथ्रोकडे जातो आणि दुसरा रेनर्स लेन-अक्सब्रिजकडे. हीथ्रोच्या गाड्यांतही काही टर्मिनल ४ चा वळसा घेतात आणि काही टर्मिनल ५ ला जातात. टर्मिनल २ आणि ३ चं स्टेशन एकच आहे आणि दोन्ही गाड्या तिथे थांबतात. एअर इंडियाचं विमान टर्मिनल २ वरून सुटतं.

टॅक्सीबद्दलही लिहितो. माझ्या सासूसासऱ्यांसाठी एका खाजगी कंपनीची गाडी आगाऊ ठरवली होती. विमान वेळेवर उतरलं, पण पासपोर्टच्या रांगेत फार वेळ गेला. ड्रायव्हर ठरलेली मिनिटं थांबून निघून गेला, आणि पैसेही परत मिळाले नाहीत. तेव्हापासून आम्ही एकच नियम पाळतो: गाडी ठरवताना उतरण्याची वेळ द्यायची नाही, विमानाचा नंबर द्यायचा, आणि थांबण्याचे किती पैसे लागतील ते आधी लेखी घ्यायचं.

साताऱ्याहून, लेकीच्या बाळंतपणासाठी आले होते

मी साठी ओलांडलेली आहे. इंग्रजी वाचता येतं, बोलायला भीड वाटते. लेक हॅरोला राहते. बाळ झाल्यावर पहिले काही आठवडे घरातच गेले. मग जावयांची सुट्टी संपली, आणि भाजी आणायची तर शनिवारची वाट पाहायची असं सुरू झालं. मला ते बरं वाटेना. घरात ओली बाळंतीण, आणि मेथीच्या जुडीसाठी चार दिवस थांबायचं?

लेक म्हणाली, "आई, तू १८२ नं जा. थेट वेंब्लीला सोडते, ईलिंग रोडवर सगळं मिळतं." तिनं कागदावर लिहून दिलं. पहिल्या खेपेला जावई सोबत आले, पण मागच्या सीटवर बसले आणि सगळं मलाच करू दिलं. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

माझ्या वयाच्या बायकांसाठी नीट सांगते. बस येताना दिसली की हात दाखवायचा. पुढच्या दारानं चढायचं, ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या गोलावर कार्ड टेकवायचं, आवाज झाला की झालं. उतरताना पुन्हा टेकवायचं नाही, ते फक्त रेल्वेला. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत, त्यामुळे सुट्ट्यांची चिंता नाही. दाराजवळच्या सीटा वयस्कर माणसांसाठी असतात, तिथे निर्धास्त बसा. पुढचा थांबा कोणता ते मोठ्या आवाजात सांगतात आणि पाटीवरही येतं. आपल्या थांब्याचं नाव आलं की खांबावरचं लाल बटण दाबायचं आणि मधल्या दारानं उतरायचं. थांब्याच्या खांबावर वर एक इंग्रजी अक्षर असतं. घराजवळच्या आणि बाजाराजवळच्या, जाण्याच्या आणि येण्याच्या थांब्यांची अक्षरं मी वहीत लिहून ठेवली होती. रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं हा प्रश्न तेवढ्यानं सुटला.

मी होते तेव्हा बसचं भाडं १.७५ पौंड होतं, कितीही लांब गेलं तरी तेवढंच. आणि पहिलं टॅप केल्यापासून तासाच्या आत दुसऱ्या बसमध्ये चढलं तर तिचे पैसे लागत नाहीत. भाजी झटपट घेतली की परतीचा प्रवास त्यातच बसायचा. पुढे पुढे मी नातवालाही बाबागाडीतून नेऊ लागले. बसमध्ये मध्यभागी त्यासाठी मोकळी जागा असते. फक्त व्हीलचेअरवरचं कुणी आलं तर ती जागा आधी त्यांची, बाबागाडी मिटावी लागते.

या वयात परमुलखात एकटीनं जाऊन दुधी, मेथी, कोथिंबीर घेऊन आले, याचं मला फार अप्रूप वाटलं. ताई, तुमच्या आईबाबांना आधी बस शिकवा, ट्यूब नंतर. बसमधून शहर दिसतं, आणि थांबा चुकला तरी पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे येता येतं.

हॅरोचाच, वरच्या काकूंना दुजोरा

हॅरोहून हीथ्रोला जायला एसएल-९ ही थेट बस आहे. आधी तिचा नंबर एक्स-१४० होता, २०२३ मध्ये सुपरलूप या जलद बसच्या जाळ्यात आल्यावर बदलला. थांबे मोजकेच आणि भाडं साध्या बसचंच. एखादी बॅग असेल तर मी दुसरं काही पाहतच नाही. चार मोठ्या बॅगा असतील तर मात्र टॅक्सी करा.

नाशिकहून, आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर गेलो होतो

ट्यूबची सुरुवात १८६३ ची, त्यामुळे कित्येक स्टेशनं लिफ्टचा विचार होण्याआधीच बांधलेली. २७२ पैकी एक तृतीयांशाच्या आसपास स्टेशनांवरच जिना न चढता फलाटापर्यंत जाता येतं. नकाशावर व्हीलचेअरची खूण दोन रंगांत असते. निळी म्हणजे रस्त्यापासून थेट डब्यात, एकही पायरी नाही. पांढरी म्हणजे फलाटापर्यंत लिफ्ट, पण डब्यात चढताना पायरी किंवा फट. आम्ही हाच नकाशा घेऊन रोजचा बेत ठरवायचो, आणि त्यामुळे आईचा एकही दिवस वाया गेला नाही.

एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर फलाटापर्यंत लिफ्टनं जाता येतं, आणि मध्य लंडनच्या भुयारी स्टेशनांत फलाट आणि डबा एकाच पातळीवर आहेत. ब्रिटिश म्युझियमला आम्ही टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरून सावकाश चालत गेलो. संसदेसाठी वेस्टमिन्स्टरला आणि टॉवर ऑफ लंडनसाठी टॉवर हिलला लिफ्ट आहे. ग्रीन पार्कला लिफ्ट आहेत, पण पिकॅडिली लाइनवरून इतर लाइनींकडे जायचा बोगदा फार लांब आहे. दुखऱ्या पायांनी तिथे गाडी बदलू नये. किंग्ज क्रॉसचंही तेच, गर्दीच्या वेळी तिथे दादरच्या पुलासारखी रेटारेटी असते.

"मला बसायला जागा द्या" अशा अर्थाचा एक बिल्ला फुकट मिळतो, २०१७ पासून. आई आधी लावायला तयार नव्हती. लावल्यावर दर वेळी कुणीतरी उठून जागा दिली. विमानतळासाठी तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे व्हीलचेअर मागा. पासपोर्टच्या रांगेचा त्रास फार कमी होतो, आणि हीथ्रोतलं अंतरही थोडंथोडकं नाही.

पुण्याहून, दोन मुलांसह

आमची धाकटी आठ वर्षांची. अकराच्या आतली मुलं मोठ्यांसोबत ट्यूब, डीएलआर (पूर्व लंडनची हलकी रेल्वे), एलिझाबेथ लाइन आणि बस, सगळीकडे फुकट. थोरला तेरा वर्षांचा. त्याच्यासाठी ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं इथलं प्रवासाचं कार्ड) घेतलं आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर पाहुण्या मुलांची सवलत चढवून घेतली. चौदा दिवसांपर्यंत अर्धं भाडं लागतं. मुलाला सोबत न्यावं लागतं.

डीएलआर ही चालकाविना चालणारी गाडी, १९८७ पासूनची. 'बँक' नावाच्या स्टेशनहून सुरू होते, त्यामुळे तिथे सगळ्यांत पुढची सीट मिळू शकते. एक गाडी सोडून दुसरीची वाट पाहिली तरी चालेल. समोरच्या काचेतून रूळ, कॅनरी वॉर्फचे टॉवर, मग टेम्सखालचा बोगदा आणि पलीकडे कटी सार्क हे जुनं जहाज. मुलांनी ग्रिनिचची वेधशाळा पाहिली, पण घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं ते गाडीबद्दल.

आणि उघड्या टपाच्या महागड्या पर्यटक बसऐवजी २४ नंबर घ्या. हॅम्पस्टेड हीथ ते पिम्लिको, वाटेत कॅम्डन, ट्राफल्गर स्क्वेअर, वेस्टमिन्स्टर. वरच्या मजल्यावर पुढे बसायचं.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकणारी

आईबाबा मराठी आहेत तर त्यांना हा एक दिवस नक्की द्या. चॅरिंग क्रॉसहून नॉर्दर्न लाइननं चॉक फार्म. गाडी एजवेअरची हवी, हाय बार्नेटची नाही. तिथून चालत १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर इथे राहत होते, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं हे घर विकत घेतलं. मी ज्या संस्थेत शिकते तिथेच ते शिकत होते. त्या घरात उभं राहिल्यावर आलेलं भान मला अजून अभ्यासाला बसवतं.

मग एक स्टेशन मागे कॅम्डन टाउनला या आणि हाय बार्नेटची गाडी धरून आर्चवेला उतरा. क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरचं ६५ नंबरचं घर म्हणजे श्यामजी कृष्णवर्मांचं इंडिया हाउस. सावरकर तिथे राहिले, त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. घर खाजगी आहे, बाहेरूनच पाहायचं, आणि वाट चढाची आहे. टिळकांची पाटी १०, हाउली प्लेसला. चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या खटल्यासाठी ते १९१८-१९ मध्ये इथे होते. बेकरलू लाइनचं वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशन तिथून जवळ, आणि शेजारीच लिटल व्हेनिसचा कालवा, तिथे बाकावर डबा खाता येतो. १९३२ सालचं महाराष्ट्र मंडळ ज्युबिली लाइनवरच्या डॉलिस हिलला आहे. कार्यक्रम पाहूनच जा.

फक्त शनिवार-रविवारी निघण्याआधी कोणती लाइन दुरुस्तीसाठी बंद आहे ते बघा. बहुतेक वीकेंडना कुठे ना कुठे काम असतंच. जुन्या नकाशात ओव्हरग्राउंड (बहुतेक जमिनीवरून धावणारी लोकल) सगळी एकाच नारिंगी रंगात दिसेल. २०२४ च्या अखेरीपासून तिच्या सहा लाइनींना वेगळी नावं आणि रंग आहेत, म्हणून नकाशा नवा घ्या.

मूळ प्रश्न विचारणारी

सातारच्या काकू, तुमचं सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. तिनं आत्ताच वही काढली आहे. नाशिकच्या दादांचा दोन रंगांचा नकाशा छापून घेणार. एकच राहिलं: परतीचं विमान सकाळी लवकरचं आहे, पहाटे तीनच्या सुमारास निघायला लागेल. तेव्हा काय चालू असतं?

हाउन्स्लोहून

एन-९ ही बस रात्रभर ऑल्डविचहून हीथ्रोला जाते, ट्राफल्गर स्क्वेअर, केन्सिंग्टन, हॅमरस्मिथ करत. विमानतळावर काम करणारे पुष्कळ जण तिनंच येतात, त्यामुळे बस सुनसान नसते. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री पिकॅडिली लाइनही रात्रभर चालते. पण ती टर्मिनल ५ कडे जाते, टर्मिनल ४ ला नाही. तुमचं विमान कुठलं ते आधी बघा. आईबाबांसोबत तीन-चार बॅगा असतील, तर त्या पहाटे मात्र टॅक्सीच करा, आणि ती आदल्या दिवशी ठरवून ठेवा.